खान्देशच्या माणसाला ऊन लागत नाही

जळगावात अब्बांचं कूलरचं दुकान आहे. पुढे शटर, मागे पत्रा कापायची आणि वाकवायची जागा. थंडी सरली की लोक माळ्यावरचे गंजके कूलर काढून आणतात आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होईपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. मी नशिराबादच्या मराठी शाळेत शिकलो. शाळा सुटली की बस धरून दुकानात यायचं आणि पत्र्याला घडी घालायला बसायचं, हेच माझं लहानपण. अब्बांनी मला एकच गोष्ट शिकवली. गवत नीट भिजलं पाहिजे आणि मागून वारा खेचला पाहिजे. बाहेर झळा जितक्या जास्त, तितकी आतली हवा गार. झळा कोरड्या असल्या पाहिजेत, असं ते कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या झळा आमच्याकडे नव्हत्याच.

मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की ते दारातूनच परत आत पळायचे आणि आम्हाला हसू यायचं. डोक्याला ओला रुमाल गुंडाळायचा आणि भर दुपारी भुसावळपर्यंत मोटरसायकलवर जाऊन यायचं, यात आम्हाला काही विशेष वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर विशेष वाटत होतं. आमच्याकडे मिरवण्यासारखं फार काही नव्हतं. ऊन तेवढं होतं.

त्यामुळे धुळ्याचे भाऊ जेव्हा माणसं निवडायला जळगावात आले, तेव्हा त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. भाऊ आखातातल्या एका बंदराच्या शहरात फोरमन होते. मोठ्या इमारतींमध्ये गार हवा फिरवणारे पत्र्याचे डक्ट बसवायचे, असं काम होतं. एका लॉजच्या खोलीत त्यांनी आम्हाला पत्रा वाकवून दाखवायला लावला. माझी घडी पाहून ते खूश झाले. मग जमलेल्या सगळ्यांना म्हणाले, "बाकीना मुलुखना पोरं तठे आठ दिन टिकतस नहीत. आपला पोरेसले ऊन काय नवं शे?" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. छाती थोडी पुढे आली असेल.

त्याच खोलीत माझी पहूरच्या एका पोराशी ओळख झाली. शेतकऱ्याचं घर, पण याने जामनेरला फॅब्रिकेशनच्या दुकानात काम केलेलं. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. नवीन लग्न झालेलं होतं. तो मला पहिल्या दिवसापासून नशिराबाद म्हणायला लागला आणि मी त्याला पहूर. शेवटपर्यंत तेच राहिलं.

आम्ही उतरलो तो जुलै महिना होता. विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर एकदम वाफ धरली. मला पुढचं काही दिसेना. मी चष्मा पुसला, पुन्हा वाफ धरली. बाजूला पहूर म्हणाला, "काय रे, कोनी भाताचं झाकण काढलं का?" सूर्य मावळून गेला होता. तरी अंगाला काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटत होतं. मोबाईलवर तापमान पाहिलं तर आमच्या मे महिन्यापेक्षा कितीतरी कमी. मला वाटलं, फोन चुकतोय.

फोन चुकत नव्हता. आम्ही चुकत होतो, पण ते कळायला वेळ लागला. आमच्याकडे घाम येतो आणि जातो. शर्टावर पांढरी रेघ उरते तेवढीच. इथे घाम यायचा आणि जायचाच नाही. तो पाठीवरून खाली उतरायचा, पँटच्या पट्ट्यात साचायचा, बुटात उतरायचा. संध्याकाळी बूट ओतले तर पाणी पडायचं, हे मी शब्दशः सांगतोय. दोरीवर टाकलेली बनियन सकाळी तशीच ओली. अम्मीने दिलेले पापड डब्यात चामड्यासारखे झाले. नळाचं पाणी इतकं गरम की आंघोळ करून बाहेर येईपर्यंत घामाने पुन्हा आंघोळ झालेली. काखेत, मांड्यांत कातडं सोलून निघालं. चालताना आम्ही पाय फाकवून चालायचो आणि एकमेकांकडे पाहायचो नाही.

पहिल्याच आठवड्यात मी घरच्यासारखा ओला रुमाल डोक्याला बांधला. घरी तो रुमाल वाळता वाळता डोकं थंड करतो. इथे तो वाळलाच नाही. थोड्या वेळात अंगाइतका गरम झाला आणि डोक्यावर शेक दिल्यासारखा बसून राहिला. मी तो काढून खिशात ठेवला.

कॅम्पमधल्या आमच्या खोलीतला एसी वरचेवर बंद पडायचा. एकदा तो बरेच दिवस दुरुस्त झाला नाही. मी कूलरवाल्याचा मुलगा. भंगारातून प्लास्टिकचा ड्रम आणला, त्याला खिडक्या कापल्या, जुना एक्झॉस्ट पंखा बसवला, पॅकिंगच्या खोक्यातलं गवत भरलं आणि एक छोटा पंप मिळवला. खोलीतले सगळे भोवती जमले. बटण दाबलं. वारा आला, गवताचा वासही आला, आणि क्षणभर सगळ्यांना घर आठवलं. पण गारवा काही आला नाही. थोड्याच वेळात भिंती ओल्या झाल्या, गाद्या दमट झाल्या, श्वास जड झाला. पहूर पलंगावरून म्हणाला, "नशिराबाद, बंद कर बाबा. इडल्या होतील आपल्या." सगळे हसले. मी बंद केला.

अब्बांना व्हिडिओवर ड्रम दाखवला. घरात आम्ही हिंदी बोलतो, मी इथे मराठीत लिहितो. ते म्हणाले, "गवत दाबून भरलंयस. सैल भर."

"अब्बा, हवेतच पाणी आहे. गवतातलं पाणी उडत नाही."

"पाणी उडत नाही असं कुठे असतं का? पंख्याची पाती उलटी बसवली असशील."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा पात्यांवर आले. त्यांनी आयुष्यभर जे काम केलं ते एखाद्या गावात चालतच नाही, हे त्यांना पटेना. मला रागही आला आणि त्यांचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. शेवटी मी म्हणालो, हो, पाती उलटी होती.

आमचं काम एका मोठ्या मॉलमध्ये होतं. मॉल अजून बांधून व्हायचा होता. जिथे पुढे लोक गार हवेत फिरणार होते, तिथे छताच्या पोटात, मचाणावर पाठ टेकून आम्ही डक्ट जोडायचो. खिडक्यांना काचा बसल्या होत्या, त्यामुळे वारा नाही. यंत्रं सुरू व्हायची होती, त्यामुळे थंडावा नाही. तिथल्या कायद्याने उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. रस्त्यावरची, गच्चीवरची माणसं दुपारी सावलीत जाऊन झोपायची. आम्ही छताखाली होतो. भाऊ म्हणायचे, "तुम्ही सावलीमाच शेतस ना?" सावलीत होतो हे खरंच होतं. त्या सावलीत पत्र्याला हात लावला की हात मागे यायचा.

आमच्या शेजारी केरळची टोळी होती. ते लोक समुद्राकाठचे. सावकाश काम करायचे, मध्येच खाली उतरून अंगातले शर्ट काढून बसायचे, कुणी हाक मारली तरी लगेच उठायचे नाहीत. भाऊ त्यांच्याकडे बोट दाखवून साहेबांना सांगायचे, हे बघा आणि माझी खान्देशची पोरं बघा. साहेब मान हलवायचा. आम्हाला ते आवडायचं. परक्या मुलखात कुणीतरी आपल्याला चांगलं म्हणतंय, आणि तेही आपल्या गावाच्या नावाने. आम्ही अजून एक तुकडा बसवायचो आणि मग उतरायचो. पहूर तर दोन.

ऑगस्टमध्ये समुद्राकडचा वारा पडला. सकाळी कॅम्पच्या बसमधून उतरलो तेव्हाच हवेला वजन होतं. त्या दिवशी पहूर चहाच्या वेळी काही बोलला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "मले काई होत नाही. डोकं जरा जड आहे." मी भाऊंकडे गेलो, म्हटलं, याला आज खाली राहू द्या. भाऊ त्याच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानेच म्हणाले, "तू खान्देशना शेस ना? मीठ टाकीसन पाणी पी, नि चढ वर." ते वाईट बोलले असते तर पहूर कदाचित खाली राहिला असता. ते प्रेमाने बोलले म्हणून तो चढला.

दुपारी आम्ही दोघे एकाच मचाणावर होतो. त्याने स्क्रू द्यायला हात पुढे केला आणि हात भलतीकडेच गेला. मी म्हटलं, "इकडे." तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मोटर बंद कर, बांध फुटला. केळीत पाणी चाललं." मला वाटलं गंमत करतोय. मग त्याचा दंड धरला तर तो कोरडा होता. इतक्या दिवसांत तिथे कुणाचं कोरडं अंग मी पाहिलं नव्हतं. भट्टीतल्या विटेसारखा गरम आणि कोरडा. मी ओरडलो. केरळची टोळी धावली, त्यांनीच त्याला दोरखंड लावून खाली उतरवलं.

भाऊ आले. त्यांनी पाणी मारायला लावलं, पंखा आणायला लावला. मी म्हणत होतो, गाडी बोलवा. ते म्हणत होते, थांब, येईल शुद्धीवर. गाडी बोलावली की वर कळवावं लागतं, चौकशी होते, आणि चौकशीत पहिलं नाव फोरमनचं येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की पहूरचे डोळे अर्धे उघडे आहेत आणि ते कशाकडेच पाहत नाहीत. शेवटी केरळच्या एकाने न विचारता फोन केला. हॉस्पिटलमध्ये त्यांनी त्याला बर्फात ठेवलं, जे जे करायचं ते सगळं केलं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टर हिंदी बोलणारा होता. तो मला एवढंच म्हणाला, "लवकर आणायला हवं होतं."

पहूर जगला. पण मेंदूचा जो भाग चालणं-बोलणं सांभाळतो त्याला उष्णतेने इजा झाली होती. तो उभा राहिला की दोन्हीकडे झुलायचा. पाऊल टाकलं की ते ठरवलेल्या जागेवर पडायचं नाही. शब्द तोंडातून लांबत, एकमेकांवर पडत यायचे. डोकं मात्र साफ होतं. त्याला सगळं कळत होतं, सगळं आठवत होतं. फक्त ते बाहेर काढायला फार वेळ लागायचा. न थांबता बोलणारा माणूस होता तो.

त्याच्या घरी मी फोन केला त्याआधी भाऊंचा फोन होऊन गेला होता. ते त्याच्या वडिलांशी खूप आपुलकीने बोलले. काळजी करू नका म्हणाले, परत पाठवायची सगळी व्यवस्था करतो म्हणाले, आणि ती त्यांनी केलीही. फक्त फोन ठेवताना एक प्रश्न विचारला, की आबा, पोरगा गावाकडे असताना काही घेत होता का? बस, एवढंच. पुढचं गावाने केलं.

मी करार पूर्ण करून पुढच्या मे महिन्यात परतलो. अंगाला जळगावची झळ लागली तेव्हा घाम वाळतोय हे पाहून मला अक्षरशः बरं वाटलं. दोन दिवस घरी राहिलो आणि पहूरला गेलो.

पहूर मला घ्यायला स्टँडवर आला होता. त्याच्या बायकोने नको म्हटलं होतं, तरी आला. एका हाताने टपरीचा खांब धरून उभा होता. मला पाहून हसला आणि पुढे यायला निघाला, तर पाय भलतीकडे गेला आणि तो टपरीच्या बाकड्यावर आदळता आदळता राहिला. चहावाला हसत म्हणाला, "काय भो, सकाळीच?" बाकड्यावरचे तिघे-चौघे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. सवयीचं होतं.

मी त्यांना सांगायला गेलो. म्हटलं, हा पीत नाही, याला उष्माघात झाला होता, मी तिथे होतो. चहावाल्याने मला वर-खाली पाहिलं. "उन्हानं? इथं पंचेचाळीसमध्ये आम्ही शेतात राहतो. तिथं किती होतं?"

मी आकडा सांगितला. मोबाईलवरचा खरा आकडा. तो आमच्या मेपेक्षा कमी होता.

"मग?" चहावाला म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. दमट हवा म्हणजे काय, घाम वाळला नाही की माणूस आतून कसा शिजतो, हे मी सांगत राहिलो. पहूरने माझी बाही ओढली. चल म्हणाला.

घरी त्याच्या आबांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. बायको आतून चहा घेऊन आली. ती आता केळीच्या पॅकिंगला जात होती. मी आबांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, मचाण, केळीतलं पाणी, कोरडा दंड. ते शांतपणे ऐकत होते. मी म्हणालो, "आबा, तुम्ही तरी लोकांना सांगा."

"सांगलं ना आधी," ते म्हणाले. "उन्हानं झालं सांगलं तं लोक हासतात, बापू. दारूनं झालं म्हटलं तं गप बसतात. मंग मी सांगणं सोडलं."

त्याची बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी सोडलं नाही." मग कप उचलून आत गेली.

तिथून मी धुळ्याला गेलो. भाऊ सुट्टीवर आले होते. त्यांनी मला ओळखलं, आत घेतलं, खोलीचं दार लावून एसी सुरू केला. जेवून जा म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, एकदा पहूरला या. स्टँडवर चार माणसांत सांगा की पोरगा पीत नव्हता. तुमचं ऐकतील.

भाऊंनी रिमोट उचलून एसी वाढवला. मग शहरातली मराठी बोलायला लागले, जी ते साहेबांशी बोलायचे. "मी कुठे म्हटलं तो पीत होता? मी फक्त विचारलं होतं."

"मग तेवढंच येऊन सांगा."

"अरे, उन्हाने पडला असं मी सांगितलं तर उद्या कुणाचे आईबाप पोरगं माझ्यासोबत पाठवतील? किती घरं चालतात यावर, माहीत आहे तुला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. मग मला म्हणाले, तुझा हात चांगला आहे, सप्टेंबरला चल, यावेळी तुला टोळीचा मुकादम करतो. मी जेवलो नाही. उठलो तेव्हा ते दारापर्यंत सोडायला आले.

मी गेलो नाही. अब्बांच्या दुकानात आहे. ते आता डोळ्यांमुळे पत्रा कापत नाहीत, मी कापतो. भाऊ त्या वर्षीही पोरं घेऊन गेले, त्यात पहूर गावचेच दोघे होते. जाण्याआधी त्यांना मी फोन केला होता. एकाने ऐकून घेतलं. दुसऱ्याचे वडील म्हणाले, तुम्ही कमावून आलात, आता दुसऱ्याला कशाला अडवता?

गेल्या हिवाळ्यात पहूरच्या धाकट्या भावाचं लग्न ठरायचं होतं. त्याआधी एक स्थळ मोडलं होतं. मोठा भाऊ दारूत गेला, असं कुणीतरी मुलीकडच्यांना सांगितलं होतं. या वेळी पाहुणे यायच्या दिवशी आबांनी मला फोन करून बोलावलं. काय हवंय ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही. पोहोचल्यावर कळलं. पाहुणे असेपर्यंत पहूरला मागच्या खोलीत बसवायचं होतं आणि कुणीतरी त्याच्याजवळ हवं होतं.

खोलीत कापसाच्या गोण्या होत्या आणि एक खाट. त्याने धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरलेले होते. बायकोने दार ओढून घेतलं. तिचा चेहरा मला दिसला नाही. पुढच्या खोलीतून पाहुण्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पाऊसपाणी, कापसाचं काय, मुलगा कितवी शिकला. कुणीतरी मोठ्या भावाचं विचारलं आणि आबा म्हणाले, तो बाहेरगावी असतो.

पहूरने ते ऐकलं. बराच वेळ तो गोणीच्या शिवणीवर बोट फिरवत राहिला, बोट शिवणीवर राहत नव्हतं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "मी... कधी... पेलो नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"तुले... माहीत असून... काय उपेग."

थोड्या वेळाने पुढे हसणं वाढलं, भांड्यांचा आवाज झाला. स्थळ जमलं होतं. त्याच्या बायकोने दार थोडं उघडून पेढ्यांची ताटली आत सरकवली आणि पुन्हा ओढून घेतलं. त्याला पेढा बोटांत धरता येईना. मी एक उचलून त्याच्या तोंडाशी नेला. त्याने मान फिरवली आणि पाहुणे जाईपर्यंत तशीच ठेवली.